दार उघडं, उंबरा उंच : वेबच्या सुगम्यतेचा इतिहास



‘सुगम्य’ हा शब्द आपल्याला आता ओळखीचा झाला आहे. रेल्वे स्टेशनवरचा रॅम्प, लिफ्टच्या बटणांवरची ब्रेलची टिंबं, फलाटावरची पिवळी खडबडीत फरशी, हे सगळं आपण बघतो. आज मी ज्या जागेबद्दल बोलणार आहे, तिला जिने नाहीत आणि फाटकही नाही. ती जागा म्हणजे वेब. बँक, परीक्षेचा फॉर्म, रेल्वेचं तिकीट, सातबारा, दवाखान्याची वेळ हे सगळं हळूहळू तिथे गेलं आहे. खिडकीवरचा माणूस उठून गेला आणि तिथे पाटी लागली, ‘ऑनलाइन अर्ज करा’. मग प्रश्न असा, की ज्याला पडदा दिसत नाही, ज्याला माऊस धरता येत नाही, ज्याला व्हिडिओतला आवाज ऐकू येत नाही, त्याने जायचं कुठे?

या प्रश्नाकडे बहुतेक लोक एका ठरावीक क्रमाने बघतात. आधी वेबसाइट झाली, मग कोणाच्या तरी मनात दया आली आणि अपंगांसाठी सोय ‘जोडली’ गेली. इतिहास तपासला तर क्रम उलटा दिसतो. वेब जन्मली तेव्हा ती बऱ्यापैकी मोकळी होती. उंबरे नंतर बांधले गेले आणि ते आपणच बांधले. ते कसे बांधले, कोणी ओळखले आणि काढायला किती वर्षं लागली, ही आजची गोष्ट आहे.

बोलणारा पडदा

सुरुवात वेबच्या थोडी आधीपासून करू. १९८०च्या दशकातला पीसी आठवा. काळा पडदा, त्यावर हिरवी किंवा पांढरी अक्षरं. पंचवीस ओळी, प्रत्येक ओळीत ऐंशी अक्षरं. म्हणजे पूर्ण पडदा फक्त दोन हजार अक्षरांचा, आणि ही अक्षरं संगणकाच्या स्मृतीत अक्षरं म्हणूनच साठवलेली असत. एखाद्या प्रोग्रामने तिथे डोकावून ती वाचली आणि आवाजाच्या यंत्राकडे पाठवली, की झालं. पडदा बोलू लागला.

आयबीएममध्ये जिम थॅचर नावाचे गणितज्ञ होते. त्यांचे पीएचडीचे मार्गदर्शक आणि पुढे सहकारी झालेले जेसी राइट हे अंध होते. १९८०च्या दशकाच्या मध्यात थॅचर यांनी असा वाचणारा प्रोग्राम तयार केला. आयबीएमने तो बाजारात आणला तो ‘स्क्रीन रीडर’ या नावाने. पुढे त्या जातीच्या सगळ्याच प्रोग्रामना हे नाव पडलं. दुसरे गृहस्थ टेड हेंटर. हे मोटारसायकल शर्यतीतले खेळाडू. १९७८ साली मोटार अपघातात त्यांची दृष्टी गेली. मग ते प्रोग्रामिंग शिकले आणि १९८९ साली त्यांच्या कंपनीने ‘जॉज’ हा स्क्रीन रीडर आणला. तो आजही वापरात आहे. आपल्याकडे बँकेत नोकरी करणाऱ्या कितीतरी अंध कर्मचाऱ्यांचं काम त्याच्यावर चाललं आहे.

एवढ्यात पडदा बदलला. विंडोज आलं, चित्रं आली, माऊस आला. डोळस लोकांना संगणक सोपा झाला आणि त्याच झटक्यात अंध लोकांना अवघड झाला. कारण आता पडद्यावर अक्षरं राहिली नव्हती, रंगाचे ठिपके होते. ‘सेव्ह’ हा शब्द संगणकाच्या दृष्टीने शब्द नव्हता, एक छोटं चित्र होतं. काही लोकांची नोकरी यात धोक्यात आली. स्क्रीन रीडर लिहिणाऱ्यांनी मग एक युक्ती काढली. विंडोज पडद्यावर काय काय रेखाटतं यावर पाळत ठेवायची आणि त्याची एक अदृश्य नक्कल बाजूला अक्षरांत ठेवायची. मोठ्या कष्टाचं काम होतं ते. विंडोजसाठीचं ‘जॉज’ बाहेर पडायला १९९५ उजाडलं.

ही हकीकत आधी सांगितली कारण पुढे वेबवर हेच पुन्हा घडलं. बहुसंख्यांची सोय झाली आणि त्याच वेळी काहींचं दार बंद झालं. ते बंद झालं हे बहुसंख्यांना कळलंसुद्धा नाही.

अक्षरांची वेब आणि चित्रांची वेब

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत १९८९ साली वेबचा प्रस्ताव मांडला. पहिली पानं आली १९९०-९१ मध्ये. ती पानं कशी होती? मथळा, परिच्छेद, यादी आणि लिंक. बस. आणि महत्त्वाची गोष्ट अशी, की पान ‘हा मथळा आहे’, ‘ही यादी आहे’ एवढंच सांगत असे. तो मथळा कसा दाखवायचा ते वाचणाऱ्याच्या यंत्राने ठरवायचं. मोठ्या अक्षरात दाखवा, नाही तर आवाजात बोलून दाखवा. पानाची काही हरकत नाही. १९९२ साली कॅन्सस विद्यापीठात ‘लिंक्स’ नावाचा निव्वळ अक्षरांचा ब्राउझर तयार झाला आणि पुढे कित्येक अंध लोकांनी तोच वापरला.

१९९३ हे वळणाचं वर्ष. इलिनॉय विद्यापीठात मार्क अँड्रीसन आणि त्यांचे सहकारी ‘मोझेक’ ब्राउझर बनवत होते. त्या वर्षी फेब्रुवारीत अँड्रीसन यांनी मजकुराच्या मधोमध चित्र बसवणारा टॅग सुचवला. मोझेक आला आणि वेबचं भाग्य उघडलं. सामान्य माणूस वेबकडे वळला तो चित्रांमुळे, हे मान्य केलं पाहिजे. मला चित्रांशी भांडण करायचं नाही.

पण चित्र ज्याला दिसत नाही त्याचं काय? त्यासाठी ‘ऑल्ट’ नावाची एक छोटी जागा टॅगमध्ये ठेवली गेली. चित्राला पर्याय म्हणून चार शब्द लिहायचे. १९९५च्या एचटीएमएल २.० मध्ये ती होती, पण ऐच्छिक होती. १९९७च्या डिसेंबरात आलेल्या एचटीएमएल ४.० मध्ये ती सक्तीची झाली. कागदावर सक्तीची. ब्राउझर काही चित्र दाखवायला नकार देत नव्हता, त्यामुळे लिहिणाऱ्याला टोचणी नव्हती.

आणि चित्रं काही फोटोंपुरती राहिली नाहीत. १९९० च्या दशकात सुंदर अक्षर हवं तर लोक अक्षराचं चित्र बनवत. ‘संपर्क’, ‘खरेदी करा’, ‘पुढे जा’ ही बटणं म्हणजे चित्रं. मजकूर स्तंभांत बसवायचा तर तक्ते वापरायचे, तक्त्याच्या आत तक्ता. मधली मोकळी जागा सोडायला एका ठिपक्याएवढं पारदर्शक चित्र ताणून बसवायचं. १९९६ साली डेव्हिड सीगल यांचं वेबसाइटच्या सजावटीवरचं पुस्तक गाजलं. त्यात ही तंत्रं होती आणि जगभरच्या डिझाइनरांनी ती उचलली.

आता स्क्रीन रीडरने असं पान उघडलं की काय ऐकू येई ते डोळ्यांसमोर, म्हणजे कानांसमोर आणा. ‘तक्ता, तीन स्तंभ, सात ओळी. तक्त्यात तक्ता. स्पेसर डॉट जिफ. स्पेसर डॉट जिफ. लिंक, बटन झिरो फोर डॉट जिफ.’ बटण कशाचं ते बटणालाच ठाऊक. पानावर बातमी असेल, पण तिच्यापर्यंत पोचेपर्यंत माणूस थकून जाई.

पुण्याचे रामन, ओसाकाच्या असाकावा

या काळात बाहेरून तक्रार करणारे पुष्कळ होते. मला दोन अशा माणसांबद्दल बोलायचं आहे, ज्यांनी आत शिरून काम केलं.

पहिले टी. व्ही. रामन. जन्म पुण्याचा, १९६५चा. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी पूर्ण गेली. पुणे विद्यापीठात गणित, आयआयटी मुंबईत संगणकशास्त्र आणि पुढे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठ. १९९४ साली पूर्ण झालेला त्यांचा प्रबंध गणिताची सूत्रं ऐकवण्याबद्दल होता. अपूर्णांकाच्या आत वर्गमूळ, त्याच्या आत घात, हे कानाला कळेल असं वाचायचं कसं? रामन यांचं उत्तर असं, की कागदावर जे उंची, आकार आणि जागा करते, ते आवाजात सूर, वेग आणि विराम करू शकतात. मात्र त्यासाठी यंत्राला सूत्राची रचना कळली पाहिजे. नुसता पडदा वाचून भागणार नाही. त्या प्रणालीला त्यांनी ‘अ‍ॅस्टर’ नाव दिलं. त्यांच्या वाटाड्या कुत्रीचं नाव तेच होतं. १९९५ साली त्यांनी ‘ईमॅकस्पीक’ ही बोलणारी कार्यप्रणाली सर्वांसाठी खुली केली. वेबपान आवाजात कसं सादर व्हावं याचे नियम १९९८च्या सीएसएस २ मध्ये आले, त्यामागेही त्यांचं काम होतं.

दुसऱ्या चिएको असाकावा. जपानच्या ओसाकाच्या. पोहण्याच्या तलावात झालेल्या दुखापतीनंतर चौदाव्या वर्षापर्यंत त्यांची दृष्टी गेली. आयबीएमच्या जपानमधल्या संशोधन विभागात त्यांनी ‘होम पेज रीडर’ नावाचा बोलणारा ब्राउझर तयार केला. १९९७ साली तो जपानमध्ये आला, मग इतर भाषांत गेला. त्यातली एक कल्पना बघा, किती साधी आहे. मजकूर पुरुषाच्या आवाजात आणि लिंक स्त्रीच्या आवाजात. डोळस माणसाला निळ्या रंगाची अधोरेखित अक्षरं जे सांगतात, ते इथे आवाजातल्या बदलाने कळतं. कीबोर्डच्या उजवीकडचे आकडे दाबून सगळी वेब फिरता येत होती.

दोघांच्या कामात एक समान सूत्र आहे. अंध माणसाला डोळस माणसाच्या पानाची नक्कल नको, त्यामागचा अर्थ हवा. कोणता मजकूर मथळा, कोणता दुवा, कोणता रकाना कशाचा, हे पानात लिहिलेलं असेल तर बाकीचं यंत्र करतं. सुगम्यतेचं सगळं शास्त्र या एका वाक्यात मावतं, असं म्हटलं तरी चालेल.

नियमांची पहिली पाटी

वेबचे मानदंड ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी ही संस्था १९९४ मध्ये स्थापन झाली. तिने १९९७ साली सुगम्यतेसाठी स्वतंत्र उपक्रम सुरू केला. ज्युडी ब्रूअर यांनी तो पुढे अनेक वर्षं चालवला. त्या आधी विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ट्रेस सेंटरमध्ये ग्रेग व्हँडरहायडन यांनी ठिकठिकाणच्या सूचना एकत्र करून मसुदे तयार केले होते. त्यांचा आधार घेऊन ५ मे १९९९ रोजी डब्ल्यूसीएजी १.० जाहीर झाली. म्हणजे वेबवरच्या मजकुराच्या सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं. चौदा तत्त्वं, पासष्ट तपासणीचे मुद्दे आणि तीन प्राधान्यं : हे केलंच पाहिजे, हे करायला हवं, हे केलं तर उत्तम.

पाटी तर लागली. पण पाटी वाचून वागणारे किती? कायद्याच्या कसोटीवर ती घासली जायला फार दिवस लागले नाहीत. ती कसोटी झाली सिडनीत.

सिडनी, २०००

ब्रूस मॅग्वायर हे जन्मापासून अंध असलेले ऑस्ट्रेलियन गृहस्थ. ते संगणकाला जोडलेल्या ब्रेल पट्टीवर वेब वाचत. २०००चं ऑलिंपिक त्यांच्याच शहरात होणार होतं. त्यांनी स्पर्धेची वेबसाइट उघडली आणि अडकले. चित्रांना शब्द नाहीत. वेळापत्रकाच्या पानावरून खेळांच्या सूचीकडे जाता येत नाही. निकालाचे तक्ते वाचता येत नाहीत. जून १९९९ मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. त्या देशात १९९२चा अपंगत्व भेदभाव विरोधी कायदा होता. मागण्या तीनच : चित्रांना पर्यायी मजकूर द्या, सूचीपर्यंत वाट द्या, निकाल वाचता येतील असे करा.

आयोजन समितीचं म्हणणं काय होतं? हे काम अवाजवी बोजा आहे. निकालाचे १,२९५ साचे बदलावे लागतील, एका माणसाला ३६८ दिवस लागतील, खर्च बावीस लाख डॉलर होईल. समोरून तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या. टॉम वर्दिंग्टन आणि जुटा ट्रेव्हिरानस यांनी सांगितलं, की हे आकडे फुगवलेले आहेत. काम त्याच्या एका लहान अंशात होईल आणि मुळात पहिल्यापासून नीट केलं असतं तर बोजाचा प्रश्नच आला नसता. आयोगाने साक्षीदारांचं ऐकलं. २४ ऑगस्ट २००० रोजी निर्णय दिला : हा भेदभाव आहे, १५ सप्टेंबरपर्यंत दुरुस्त करा. १५ सप्टेंबर म्हणजे स्पर्धेच्या उद्घाटनाचा दिवस.

पूर्ण दुरुस्ती झाली नाही. स्पर्धा आली आणि गेली. नोव्हेंबरात आयोगाने समितीला वीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यायला लावली.

आता यात जिंकलं कोण? मॅग्वायर यांना निकाल मिळाला, पण त्या पंधरा दिवसांच्या खेळांचे निकाल त्या साइटवर इतरांसारखे वाचता आले नाहीत. ते पुन्हा कधी मिळणार? म्हणून मी हे उदाहरण नुसतं ‘विजय’ म्हणून सांगत नाही. सुगम्यतेत उशिराने मिळालेला न्याय बहुधा फुकट जातो, कारण परीक्षेच्या फॉर्मची मुदत, तिकिटाची खिडकी, सामन्याचा दिवस हे कोणासाठी थांबत नाहीत. तरीही या निर्णयाने एक गोष्ट कायमची ठरवली. वेबसाइट ही सेवा आहे आणि सेवा नाकारणं हा भेदभाव आहे. अमेरिकेत २००६ साली अंधांच्या राष्ट्रीय संघटनेने ‘टार्गेट’ या दुकानसाखळीवर दावा लावला. २००८ साली साठ लाख डॉलरवर तो मिटला. त्यानंतर कंपन्यांचे वकील आपापल्या वेबसाइटकडे वेगळ्या नजरेने बघू लागले.

चार शब्द

२००८च्या डिसेंबरात डब्ल्यूसीएजी २.० आली. तिने तंत्राच्या तपशिलातून वर येऊन चार शब्द मांडले. पानावरचं सगळं जाणवलं पाहिजे, चालवता आलं पाहिजे, समजलं पाहिजे, आणि वेगवेगळ्या यंत्रांवर टिकलं पाहिजे. २०१८ मध्ये २.१ आली, तिच्यात मोबाइलचा आणि अल्पदृष्टी व बौद्धिक अडचणींचा विचार वाढला. २०२३ मध्ये २.२ आली.

हे चार शब्द जड वाटत असतील तर घरी जाऊन एक प्रयोग करा. माऊस बाजूला ठेवा आणि फक्त टॅब कळ दाबत तुमच्या बँकेच्या साइटवर फिरा. आपण आत्ता कुठे आहोत हे दाखवणारी चौकट दिसते का? मेन्यू उघडतो का? उघडला तर बंद होतो का? जिथे अडकाल तिथे हात कापणारा माणूस रोज अडकतो. दुसरं, फिकट राखाडी रंगातला मजकूर घ्या. नियम सांगतो, की साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा फरक किमान ४.५ ला १ असावा. मोतीबिंदू असलेल्या आजीसाठी हा नियम आहेच, पण दुपारच्या उन्हात रिक्षात बसून मोबाइल बघणाऱ्या तिच्या नातवालाही त्याचाच उपयोग होतो. व्हिडिओखालचा मजकूर कर्णबधिरांसाठी मागितला गेला. लोकलच्या गर्दीत इयरफोन नसताना तो कोण कोण वाचतं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

मात्र इथे सावध राहावं असं मला वाटतं. ‘सगळ्यांचाच फायदा’ हा मुद्दा खरा आहे आणि तो पटवायला सोपाही आहे. पण ज्या सोयीचा फायदा फक्त थोड्यांना होतो, तीही द्यायचीच असते. निकालाचा तक्ता ब्रेल पट्टीवर वाचणारा माणूस एकच असेल, तरी त्याचा हक्क पूर्ण आहे.

मराठीची उलटी अक्षरं

आता आपल्या घरात येऊ. मराठी वेबच्या पहिल्या दहा-बारा वर्षांचा इतिहास हा सुगम्यतेचाच इतिहास आहे. आपण त्याला ‘फाँटचा घोळ’ म्हणत होतो एवढंच.

युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ साली, देवनागरी होती. पण संगणकांवर ती नीट दिसायला विंडोज २००० आणि त्यानंतरचा काळ लागला. तोवर काय चालायचं? फाइलमध्ये अक्षरं इंग्रजीची, आणि फाँट त्यांच्यावर देवनागरीचं सोंग चढवणार. कृतिदेव फाँटमध्ये ‘भारत’ लिहिलं तर आत साठत होतं ‘एच, के, के, जे, आर’. तुमच्याकडे तो फाँट असेल तर भारत, नसेल तर इंग्रजी अक्षरांचा भुसा. प्रत्येक वर्तमानपत्राचा फाँट वेगळा, तो उतरवून घ्या, मग बातमी वाचा. शोध घेता येत नसे, एकीकडचा मजकूर दुसरीकडे नेता येत नसे.

डोळस मराठी माणसाला हा त्रास होता. पण फाँट बसवला की त्याची सुटका होई. अंध वाचकाची होत नसे. स्क्रीन रीडर फाँट बघत नाही, आतलं अक्षर बघतो. तो इमानेइतबारे ‘एच, के, के, जे, आर’ वाचत बसे. म्हणजे ज्या काळात अंध मराठी माणूस इंग्रजी वर्तमानपत्र वेबवर वाचू शकत होता, त्या काळात त्याला स्वतःच्या भाषेतलं वर्तमानपत्र वाचता येत नव्हतं.

युनिकोड रुळलं तशी ही कोंडी फुटली. २००६ साली मायकल करन आणि जेम्स तेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी ‘एनव्हीडीए’ हा मोफत स्क्रीन रीडर सुरू केला. त्याच्यासोबतच्या खुल्या आवाज-यंत्रणेत मराठी आली. शेकडो डॉलरचं सॉफ्टवेअर न घेता गावातला विद्यार्थी मराठी मजकूर ऐकू लागला.

उंबरे सगळे गेले असं नाही. पानावर भाषा ‘मराठी’ अशी नोंदवलेली नसेल, तर देवनागरी दिसताच यंत्र ती हिंदीच्या आवाजात वाचू शकतं. मग ‘झालं’, ‘केलं’ यांतला अनुस्वार नाकात जातो. ‘चमचा’मधला च आणि ‘चहा’मधला च एकाच साच्यातून निघतात. आणि सगळ्यांत मोठा उंबरा म्हणजे स्कॅन केलेला कागद. सही-शिक्क्याचं परिपत्रक यंत्रावर ठेवून त्याचा फोटो पीडीएफ म्हणून चढवला, की डोळस माणसाला वाटतं माहिती प्रसिद्ध झाली. स्क्रीन रीडरसाठी तो कोरा कागद आहे. १९९३च्या बिनशब्दांच्या चित्राचाच हा आजचा अवतार.

कायद्याची वाट

२०११च्या जनगणनेत भारतात २.६८ कोटी अपंग व्यक्तींची नोंद झाली. महाराष्ट्रात साडेएकोणतीस लाखांहून अधिक. आपला पहिला व्यापक कायदा १९९५चा, त्यात वेबचा विचार नव्हता आणि त्या वर्षी तो असणंही कठीण होतं. २००७ साली भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कराराला मान्यता दिली. २००९ मध्ये सरकारी वेबसाइटसाठी मार्गदर्शक तत्त्वं आली. २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१७ मध्ये लागू झाला. त्यात माहिती आणि संगणकीय सेवांच्या सुगम्यतेचं स्वतंत्र कलम आहे.

कायदा असूनही काय होतं, ते २०२१ने दाखवलं. कोविडच्या लसीची नोंदणी पोर्टलवर होत होती. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मेच्या आदेशात त्या पोर्टलच्या अडचणी मुद्देसूद नोंदवल्या. आवाजी कॅप्चा नाही. लसीच्या जागा किती ते कळतं, पण वेळ कोणती ते अंध माणसाला कळत नाही. नोंदणी पूर्ण होण्याआधी आपोआप बाहेर काढलं जातं. न्यायालयाने सुगम्यतेची तपासणी करायला सांगितलं. इथे प्रश्न बातमी वाचण्याचा नव्हता, लसीचा होता.

पुढची पायरी २०२४ची. राजीव रतुरी यांच्या खटल्यात ८ नोव्हेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की कायदा सक्तीची भाषा बोलतो आणि नियम मात्र शिफारशीची, हे चालणार नाही. तो नियम कायद्याशी विसंगत ठरवून किमान सक्तीचे मानदंड तीन महिन्यांत करायला सांगितलं. आणि ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून खटल्याचा निकाल आला. अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रियांना बँकेच्या डिजिटल ओळख-पडताळणीत ‘डोळे मिचकावा’ असं यंत्र सांगत होतं. ज्यांचे डोळेच भाजून गेले, त्यांनी काय मिचकवायचं? सोबत एका अंध याचिकाकर्त्याचीही याचिका होती. न्यायालयाने वीस निर्देश दिले आणि डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सांगितलं.

सिडनीत पंचवीस वर्षांपूर्वी ‘सेवा’ म्हटलं गेलं, दिल्लीत ‘जगणं’ म्हटलं गेलं. ही वाटचाल मोठी आहे.

आज कुठे आहोत

पण हुरळून जाऊ नका. अमेरिकेतल्या यूटा राज्य विद्यापीठातली वेबएम ही संस्था २०१९पासून दरवर्षी दहा लाख वेबसाइटची मुखपृष्ठं यंत्राने तपासते. पहिल्या वर्षी ९७.८ टक्के पानांवर नियमभंग सापडले. २०२४ साली ९५.९ टक्के. पाच वर्षांत दोन टक्क्यांची सुधारणा. आणि चुका कोणत्या? फिकट मजकूर, बिनशब्दांची चित्रं, नाव नसलेले रकाने, रिकामे दुवे. म्हणजे ज्यांवर केव्हाच उत्तर मिळालं होतं, त्याच चुका. यात कोणतंही अवघड विज्ञान अडलेलं नाही.

मग अडलंय काय? माझं मत सांगते. पान बनवणाऱ्या खोलीत ते वापरायला अडचण येणारा माणूस नसतो. थॅचर यांच्या शेजारी राइट होते. हेंटर, रामन, असाकावा, करन आणि तेह हे स्वतःच त्या खोलीत होते. जिथे असा माणूस होता तिथे उपाय निघाला. जिथे नव्हता तिथे आयोगाकडे आणि न्यायालयात जावं लागलं, आणि तोवर खेळ संपले होते.

आपल्यापैकी प्रत्येक जण कायदा करणार नाही. पण सोसायटीची सूचना, शाळेचं वेळापत्रक, ग्रंथालयाची यादी आपल्यापैकीच कोणी तरी वेबवर चढवत असतं. तिचा फोटो चढवू नका, मजकूर चढवा. चित्र टाकलं तर त्याखालच्या रकान्यात चार शब्द लिहा, मराठीत लिहा. आणि वापरणाऱ्याला विचारा, चाललं का. तक्रार आली तर ती उपद्रव समजू नका. या इतिहासातली प्रत्येक सुधारणा कुणाच्या तरी तक्रारीपासून किंवा गरजेपासून सुरू झाली आहे.

इथे थांबते. प्रश्न असतील तर जरूर विचारा.